धारेच्या हत्यारांना घरात जागा हवी

शेतकऱ्याच्या घरी बैलांना गोठा असतो, धान्याला कणगी असते, अलीकडे ट्रॅक्टरलाही पत्र्याचे छप्पर मिळते. परंतु विळा, खुरपे, कोयता, छाटणीची कात्री, कलमाचा चाकू, पटाशी, किंकरे या लहान हत्यारांस ठरलेली अशी जागा क्वचितच आढळते. विळा वळचणीला खोचलेला, खुरपी गोठ्यातील पाटीत टाकलेली, कात्री खताच्या पोत्यावर ठेवलेली आणि कानस कोठे आहे हे कोणासच ठाऊक नाही, हे चित्र अनेक घरांत दिसते. हत्यार कामाने झिजते असा सर्वसाधारण समज आहे. परंतु कामाने गेलेली धार दगडावर घासून परत आणता येते. गंजाने खाल्लेले पाते परत येत नाही.

वळचणीला पावसाळाभर ओल असते. खत व मीठ यांच्या सान्निध्यात लोखंड फार लवकर गंजते, कारण हे पदार्थ हवेतील ओलावा ओढून घेतात. मुठीला लागलेला घामही खारटच. त्यात ओली माती व झाडाचा चीक पात्यावर तसाच राहिला, म्हणजे एका पावसाळ्यात पात्याला खड्डे पडतात.

एवढ्याशा खुरप्याची किंमत ती काय, असे यावर कोणी म्हणेल. हिशेब खुरप्याच्या किमतीचा नाहीच. बोथट खुरप्याने निंदणी करणाऱ्या बाईला तण मुळासकट काढण्यासाठी दुप्पट जोर लावावा लागतो; मनगट व खांदा दिवसभर भरून येतो आणि काम मात्र कमी उठते. बहुतेक घरांत पुरुषाच्या हातचा कोयता वेळेवर पाजवला जातो, बायकांच्या हातची खुरपी मात्र तशीच राहतात, ही गोष्ट कोणी बोलून दाखवीत नाही इतकेच. पूर्वी बलुतेदार लोहार गावातच होता. विळे-खुरपी शेवटून घेणे सोपे होते. आता कित्येक गावांत त्यासाठी आठवड्याच्या बाजाराची वाट पाहावी लागते. म्हणून आहे ती धार राखणे पूर्वीपेक्षा अधिक निकडीचे झाले आहे.

सर्व हत्यारे एका पेटीत टाकण्याचा उपाय अनेकजण करतात. तो निम्माच उपाय होय. पेटीत धारेवर धार आपटते, तळाचे हत्यार काढण्यासाठी हात आत घालावा लागतो आणि बोट कापते. त्यापेक्षा भिंतीवरील फळी बरी. घरातील कोरडी, आतली भिंत निवडावी. न्हाणीची वा गोठ्याची भिंत नको. जुनी फळी चालेल, फक्त मागे लाकडाचे तुकडे देऊन भिंत व फळी यांत दोन बोटे अंतर ठेवावे, म्हणजे हवा खेळती राहते. विळे-कोयते खुंटीवर, धार भिंतीकडे करून टांगावेत. पटाशी व किंकरे यांसाठी पट्टीला खाचा पाडाव्यात व धारेपुढे आडवी पट्टी ठोकावी. लहान मुलांचा हात पोहोचणार नाही एवढी उंची हवी. माती व शेण यांत धनुर्वाताचे जंतू असतात. मळकट पात्याची खोल जखम ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. जखम धुऊन दवाखान्यात जावे व लस घेतली आहे की नाही ते सांगावे.

सर्वच हत्यारांस एक नियम लागू पडत नाही. पाती पुसून, वाळवून त्यांवर यंत्राच्या तेलाचा पातळ हात द्यावा. कानशीला मात्र तेल लावू नये, ती घसरते. तिच्यावर खडू घासावा व दुसऱ्या कानशीला ती भिडू देऊ नये. भातकापणीच्या वैभव विळ्याला दाते असतात. तो साध्या विळ्याप्रमाणे दगडावर घासणे म्हणजे दाते घालवणे होय. कलमाचा चाकू कातडी म्यानात महिनोन्‌महिने ठेवू नये, कातडे ओल धरते. आणि त्या चाकूने सुतळी तर कापूच नये. डाळिंबाच्या बागेत तेल्या रोग एका झाडावरून दुसऱ्यावर कात्रीनेही जातो, म्हणून शिफारशीप्रमाणे सोडियम हायपोक्लोराईटच्या द्रावणात ती वारंवार बुडवतात. हेच द्रावण पोलाद खाते, हे मात्र विसरले जाते. सायंकाळी कात्री स्वच्छ पाण्याने धुऊन, पुसून, तेल देऊनच खुंटीवर लावावी.

गावपातळीवरील कार्यकर्ते शेतकऱ्याच्या घरी गेले की बियाणे, खत, फवारणी यांची चौकशी करतात. हत्यारे कोठे ठेवता, हाही प्रश्न त्यांनी विचारावा व पावसाळ्यापूर्वी गावातील एखाद्या घरी अशी फळी बसवून दाखवावी. भाषणापेक्षा ती अधिक उपयोगी पडेल. फळीवर प्रत्येक हत्याराभोवती गेरूने आकृती काढली, तर रिकामी जागा दिवेलागणीलाच डोळ्यांत भरते आणि बांधावर राहिलेला विळा त्याच दिवशी शोधता येतो. कडब्याच्या पेंडीत राहिलेला विळा पेंडीबरोबर कुट्टी यंत्रात गेला, तर यंत्राची पाती तुटतात, आणि तुकडा उडून समोरच्या माणसाला लागण्याची भीती असते.