नकार असेल तर लेखी द्या

आमची गिरगावातली चाळ पुनर्विकासासाठी रिकामी झाली. जोत्यापर्यंत काम आलं आणि थांबलं. मग बिल्डरकडून येणारं भाडंही थांबलं. तेव्हापासून आम्ही डोंबिवलीत अकरा महिन्यांच्या करारावर राहतो. करार संपला की पुन्हा दलाली, पुन्हा पोलीस पडताळणी, पुन्हा टेम्पो. शिसवी देव्हारा काकांच्या माळ्यावर चादरीत बांधून ठेवलाय. धाकट्याच्या लग्नाची बोलणी 'ताबा मिळू दे' म्हणत पुढे जातात. आईने रेशनकार्डावरचा चाळीचा पत्ता बदलू दिलेला नाही, कारण पत्ता गेला की हक्क गेला, अशी तिला धास्ती. चाळीच्या जुन्या भाडेपावत्या ती पिशवीत घालून उशाशी ठेवते.

पुनर्विकासाच्या फाइलच्या चौकशीला सरकारी कार्यालयात गेलं की उत्तर ठरलेलं: 'फाइल वर गेलीय.' पुढच्या खेपेला तीच फाइल 'विचाराधीन' असते. नाही असं कुणीच म्हणत नाही, आणि माझा खरा राग त्यावरच आहे. नकार मिळाला तर अपील करता येतं, कोर्टात जाता येतं, निदान कर्ज काढून दुसरीकडे घर बघता येतं. विचाराधीन फाइलविरुद्ध अपील कुणाकडे करायचं? नकाराखाली अधिकाऱ्याची सही असते. विलंबाखाली कुणाचीच नसते.

खरं तर महाराष्ट्रात यासाठी कायदा आहे. बदल्यांचं विनियमन आणि शासकीय कामातल्या विलंबाला प्रतिबंध करणारा हा अधिनियम 2005 चा. कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, दुसऱ्या विभागाकडे पाठवायची नसेल तर 45 दिवसांत निर्णय व्हावा, आणि जाणूनबुजून उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई व्हावी, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. अण्णा हजारे यांनी त्यासाठी उपोषणं केली होती. आता ही मुदत टेबलाटेबलावर लावा. मुदत संपली की अर्जदाराला लेखी उत्तर द्या: मंजूर, नामंजूर किंवा अमुक कागद कमी आहे. यापेक्षा जास्त काही आम्ही मागत नाही.

आमच्या भाडेकरूंच्या सभेत एक ठराव झालाय. 'कामाचं काय झालं?' असे विनंतीअर्ज यापुढे करायचे नाहीत. फाइल कोणत्या तारखेला कुणाच्या टेबलावर आली, तिथे किती दिवस राहिली आणि सात दिवस उलटल्यावर का थांबली, एवढंच माहितीच्या अधिकारात, अधिकाऱ्याच्या नाव-हुद्द्यासह मागायचं. पहिला अर्ज सोमवारी जातोय.