दुसरी इमारत

गेल्या शनिवारी मावसबहीण घरी आली होती. ती आर्किटेक्ट. सध्या चाकणला एका कारखान्याच्या शेडचं काम बघते. डोक्यावर हेल्मेट, हातात ड्रॉइंग्ज, तरी माल घेऊन आलेला ट्रकवाला हमखास विचारतो, "मॅडम, साहेब कुठायत?"

आम्ही पोट धरून हसलो. मग तिने पुढचं सांगितलं. महिला दिनाला त्याच क्लायंटने तिला शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढले. बाजूच्या दुसऱ्या शेडचं काम मात्र भलत्यालाच. हसू तिथेच थांबलं.

तिला सोडून मोशीच्या प्रदर्शन केंद्रावरून परत येताना मला शिकागो आठवलं. (हो, माझं डोकं असंच चालतं!)

१८९३चं शिकागो म्हणजे आपल्यासाठी विवेकानंद. ती धर्मपरिषद ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली, तिथे 'वुमन्स बिल्डिंग' नावाची एक इमारत होती. बायका काय काय करू शकतात हे जगाला दाखवायला बांधलेली. १८९१मध्ये फक्त स्त्रियांसाठी स्पर्धा घेतली, आणि ती जिंकली सोफिया हेडनने. वय बावीस. आदल्याच वर्षी ती एमआयटीतून आर्किटेक्चरची पदवी घेऊन बाहेर पडली होती. तिला मिळाले हजार डॉलर. इतर मोठ्या इमारती करणाऱ्या पुरुषांना याच्या कितीतरी पट मिळाले.

शिवाय आतली सजावट कशी असावी यावरून आयोजक बाईंशीच तिचं वाजलं. ताणाने ती आजारी पडली. झालं! बायकांना हा धंदा झेपेल का, अशी चर्चा लगेच छापून आली. प्रदर्शन संपलं, इमारत पाडली. हेडनची दुसरी इमारत कधीच उभी राहिली नाही.

गंमत बघा, त्याच प्रदर्शनात तळ्यामध्ये प्रजासत्ताकाचं प्रतीक म्हणून ६५ फुटी सोनेरी स्त्रीपुतळा उभा होता. आपल्या सीएसएमटीच्या घुमटावरही 'प्रगती' म्हणून बाईच उभी आहे. प्रतीक म्हणून बाई सगळ्यांना चालते. हिशोबाच्या कागदावर आली की प्रश्न सुरू.

आपल्याकडे पेरीन मिस्त्री १९३६ साली मुंबईच्या जे. जे.मधून आर्किटेक्ट झाल्या. भारतातल्या पहिल्या. त्यांना पुढेही कामं मिळत गेली, कारण फर्ममध्ये वडील भागीदार होते. त्यांचं कर्तृत्व यामुळे कमी होत नाही. पण ज्यांच्या घरची फर्म नाही त्यांनी काय करायचं?

तर सांगायचा मुद्दा असा की 'पहिली' ठरणाऱ्या बाईचं कौतुक करायला आपल्याला काहीच पडत नाही. फोटो निघतो, बातमी येते. कसोटी असते ती दुसऱ्या कामाची. पहिलं काम कौतुकाने मिळू शकतं, दुसरं विश्वासानेच मिळतं. आणि पहिल्या कामात चूक झाली तर पुरुषाची चूक त्याची एकट्याची असते, बाईची मात्र समस्त बायकांची!

हे लिहिताना जरा चोरट्यासारखं वाटतंय. गेल्या वर्षी माझ्याच टीममधल्या एका मुलीचं नाव मी महिला दिनाच्या बक्षिसासाठी सुचवलं होतं. महिन्याभरात नवीन मॉड्यूल आलं, ते मी दुसऱ्याला दिलं. रात्रीचे कॉल असतात, तिला कशाला त्रास, असा विचार केला. तिला विचारलं का? नाही. म्हणजे चाकणच्या त्या क्लायंटमध्ये आणि माझ्यात फरक फक्त श्रीफळाचा.

असो. येत्या डिसेंबरात मोशीला प्रदर्शन बघायला जाल तेव्हा स्टॉल बघाच, पण तो मंडप कुणी डिझाइन केला तेही विचारा. एखाद्या बाईचं नाव निघालं तर टाळ्या नकोत. सध्या तिच्या हातात कुठलं काम आहे, एवढं विचारा.

मी सोमवारी ऑफिसात तेच विचारणार आहे. उशीर झालाय, पण विचारणार आहे.