राजगृह पाहून आल्यावर



रायगडच्या किनाऱ्यावरची आपली माणसे ६ डिसेंबरला दादरला जातात. चैत्यभूमीच्या रांगेत दिवस सरतो, पुस्तके-कॅलेंडर घेऊन परतीची घाई असते आणि राजगृह पुष्कळांचे राहून जाते. म्हणून आम्ही साधा दिवस निवडला. मुलाबाळांसह रेवसहून लाँच धरली, भाऊच्या धक्क्याला उतरलो आणि दादर पूर्वेच्या हिंदू कॉलनीत गेलो.

लाँचमध्ये मुलांना आम्ही सांगितले, की बाबासाहेब याच समुद्रावरून आपल्याकडे आले होते. २४ डिसेंबर १९२७ रोजी महाडला निघताना धरमतरच्या वाटेवर मोटारवाले अडवणूक करणार अशी चिन्हे होती. तेव्हा दोनशेहून अधिक प्रतिनिधींसह ते 'पद्मावती' बोटीने हरिहरेश्वरला आले. दुसऱ्या दिवशी सावित्रीच्या खाडीतून दासगावला उतरले. तिथून पाच मैल चालत सारे महाडला गेले आणि त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले.

राजगृहाआधी बाबासाहेबांचा संसार परळच्या बी.आय.टी. चाळीत, ५० आणि ५१ नंबरच्या दोन खोल्यांत होता. तिथे माणसे मावत नव्हती, पुस्तके कुठे मावणार? १९३०नंतरच्या काही वर्षांत हे घर उभे राहिले ते मुख्यतः ग्रंथांसाठी. मगधाच्या जुन्या राजधानीचे नाव त्यांनी घराला दिले. पुढे त्यांतील बरेच ग्रंथ सिद्धार्थ कॉलेजला गेले.

तळमजल्यावर त्यांच्या वापरातील वस्तू आणि छायाचित्रे जपून ठेवली आहेत. वर कुटुंबाचे राहते घर आहे, तेव्हा तिथे घोषणा, गोंगाट नको. कुणाच्याही घरी जावे तसे जावे.

आमच्या बरोबरच्या बायाबापड्या रमाईंच्या आठवणीने गहिवरल्या. सारी उमर चाळीत काढून या घरात त्यांना फार थोडे दिवस मिळाले. २७ मे १९३५ रोजी इथेच त्यांनी शेवटचा श्वास घेतला. ६ डिसेंबर १९५६च्या रात्री दिल्लीहून विमानाने बाबासाहेबांचे पार्थिव आले तेही याच घरी, आणि दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा निघाली ती इथूनच.

अमेरिकेत चेरोकी नावाचे आदिवासी आहेत. त्यांच्यातील सिक्वोया या माणसाला इंग्रजी वाचता येत नव्हते. तरी १८२१ साली त्याने आपल्या भाषेची स्वतंत्र लिपी तयार केली. १८२८पासून त्या लिपीत वर्तमानपत्रही निघू लागले. पुढे १८३८-३९मध्ये सरकारने हजारो चेरोकींना गावांतून हुसकावून पश्चिमेकडे पायी चालवत नेले, वाटेत कित्येक मेले. सिक्वोया त्याआधीच पश्चिमेला गेला होता. तिथे १८२९ साली त्याने बांधलेले लाकडी ओंडक्यांचे घर आजही उभे आहे. ऊनपावसाने ते खराब होऊ नये म्हणून १९३६ साली त्याच्यावर दगडी इमारत बांधली. आता त्या घराची देखभाल चेरोकी लोकच करतात. आपल्या माणसाचे घर आपणच राखावे, हे त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे.

आणि आपली घरे? दासगाव ते महाड ज्यांनी पायपीट केली, त्यांची नातवंडे-पतवंडे आजही या जिल्ह्यात आहेत. आजोबांचा फोटो, परिषदेची पत्रिका, गिरणीचा पास, पलटणीचा कागद कुठल्या तरी ट्रंकेत पडून असेल. २००५ आणि २०२१च्या पुरांनी महाडकडच्या घरांचे काय केले ते आपण पाहिले आहे. खारी हवा आणि वाळवी तर बारमाही.

तेव्हा वाचकहो, येत्या रविवारी ट्रंक उघडा. कागद सावलीत वारा देऊन वाळवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उंच फळीवर ठेवा. मोबाईलवर त्यांचे फोटो काढून मुंबईच्या नातलगांनाही पाठवा. फोटोमागे पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहा. आजी हयात असेल तर आजच तिच्याजवळ बसा. ती सांगेल ते मुलांनी वहीत लिहून घ्यावे. मोठ्यांची घरे पाहायला आपण जातोच, आपल्या घरातली साक्षही तशीच जपू या.

जय भीम!