परतीच्या शिक्क्याचे ओलीस

डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतून सुट्टीवर मायदेशी आलेल्या अनेक भारतीय कर्मचाऱ्यांच्या हाती एक ई-पत्र पडले. व्हिसा नूतनीकरणाच्या मुलाखतीची ठरलेली तारीख रद्द. नवी तारीख मार्च २०२६ किंवा त्याही पुढची. जुन्या तारखेला कोणी आलेच, तर आत घेतले जाणार नाही, अशी तंबीही अमेरिकन दूतावासाने देऊन ठेवली. बहिणीच्या लग्नाला, वडिलांच्या शस्त्रक्रियेला दोन-तीन आठवड्यांची रजा काढून आलेली माणसे इकडे अडकली. नोकरी, घराचे हप्ते आणि मुलांच्या शाळा तिकडे राहिल्या.

निमित्त होते १५ डिसेंबरपासून लागू झालेल्या नियमाचे. एच-१बी आणि त्यांच्या कुटुंबीयांचे एच-४ अर्ज यांसाठी समाजमाध्यमांवरील खाती तपासली जाणार, म्हणून रोजच्या मुलाखतींची संख्या घटविण्यात आली. त्याआधी २ सप्टेंबरपासून मुलाखतीविना कागदपत्रे जमा करण्याची सवलत या वर्गासाठी जवळपास बंद झाली होती आणि त्याच महिन्यात अर्ज स्वदेशात किंवा वास्तव्याच्या देशातच करावा, असेही फर्मान निघाले. दुसऱ्या एखाद्या देशात जाऊन शिक्का मिळविण्याची वाटही त्यामुळे बुजली.

या व्यवस्थेतील विसंगती येथील पालकांना सहसा ठाऊक नसते. एच-१बीवरील कर्मचाऱ्याचा मुक्काम मंजूर करणारा कागद वेगळा आणि पारपत्रावरील व्हिसाचा शिक्का वेगळा. पहिला कागद अमेरिकेतच वाढवून मिळतो. शिक्का संपला तरी तेथे राहून काम करणे पूर्णतः कायदेशीर असते. मात्र तोच माणूस आईला भेटायला देशाबाहेर पडला की शिक्क्याशिवाय त्याला परत जाता येत नाही. म्हणजे कर भरणारा, नियम पाळणारा, एका पैचाही गुन्हा नसलेला माणूस घरी जाण्याच्या क्षणी संशयित ठरतो!

हे अटळ आहे काय? मुळीच नाही. २००४ पर्यंत हा शिक्का अमेरिकेत बसूनच, टपालाने अर्ज करून मिळत असे. बोटांचे ठसे घेण्याच्या सक्तीचे कारण देऊन त्या वर्षी ती सोय बंद करण्यात आली. जून २०२३ मधील भारत-अमेरिका संयुक्त निवेदनात ती पुन्हा सुरू करण्याचा उल्लेख आला आणि २०२४ च्या प्रारंभी २०,००० अर्जांच्या मर्यादेत प्रयोगही झाला. ठसे आधीच दफ्तरी असलेल्यांना पुन्हा मुंबई-हैदराबादच्या रांगेत उभे करण्याची गरज नाही, हे त्यातून अमेरिकेनेच मान्य केले. तरीही प्रयोग प्रयोगच राहिला.

येथे काही विद्वान कुत्सितपणे म्हणतात, डॉलरच्या मोहाने स्वेच्छेने गेले, आता भोगा. आपल्या भूमीत कोणाला घ्यावे, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे, यात वाद नाही. भारतही आपल्या सीमांबाबत तोच आग्रह धरतो. पण हा प्रश्न चोरवाटेने शिरणाऱ्यांचा नाही. ज्यांना अमेरिकेने स्वतः पारखून घेतले, ज्यांच्या श्रमावर तेथील कंपन्या उभ्या आहेत, त्यांचा आहे. मंजूर होणाऱ्या एच-१बी अर्जांपैकी सुमारे सत्तर टक्के भारतीयांचे असतात. त्यांच्या पगारातून तेथील सामाजिक सुरक्षेचा कर कापला जातो. निवृत्तिवेतनाचा हक्क मात्र साधारण दहा वर्षांच्या भरण्यानंतर आणि एच-१बीची सामान्य मुदत सहा वर्षांची! यावर तोडगा ठरू शकणारा सामाजिक सुरक्षा करार अद्याप झालेला नाही. पैसे घेताना माणूस चालतो, तेरावे उरकून परतताना चालत नाही.

परराष्ट्र मंत्रालयाने डिसेंबर २०२५ च्या अखेरीस ही चिंता अमेरिकेपुढे मांडली, हे योग्यच झाले. पण केवळ चिंता व्यक्त करून भागणार नाही. २०३० पर्यंत परस्पर व्यापार ५०० अब्ज डॉलरवर नेण्याचे उद्दिष्ट दोन्ही देशांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले आहे. या वाटाघाटींत बदाम, सफरचंदांवरील शुल्काची चर्चा होते, तर अमेरिकेतच व्हिसा नूतनीकरण आणि सामाजिक सुरक्षा करार ही दोन कलमे भारताने तितक्याच ठामपणे का मांडू नयेत?

मध्यमवर्गीय घरांनीही थोडे अंतर्मुख व्हावे. मुलीसाठी स्थळ पाहताना ‘मुलगा स्टेट्समध्ये’ एवढे ऐकून सुखावणाऱ्यांनी त्याच्या शिक्क्याची मुदतही विचारावी. कार्यालय, भटजी, केटरर ठरले तरी नवरदेवाला मुलाखतीची तारीख मिळालेली नसते. तेव्हा आधी मुक्कामाची मुदतवाढ हाती घ्यावी, मग मुलाखतीची तारीख पाहावी, आणि मुहूर्त त्यानंतर. आजारी आईवडिलांचे दुखणे मात्र असा क्रम पाळत नाही, आणि नेमके तेथेच घराघरांतून सध्या एकच प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो: ‘त्याला कळवायचे, की नको?’