गव्हर्नर म्हणाले, कैदी म्हणाला

तीन आठवड्यांपूर्वी माझ्या एका अनुवादाची मुद्रितं तपासायला आली. संपादकांनी दोनच दुरुस्त्या केल्या होत्या, पण पानोपानी. मी जिथे 'उठाव' लिहिलं होतं तिथे 'बंड' झालं होतं, आणि जिथे 'नारान्हो म्हणाले' होतं तिथे 'नारान्हो म्हणाला'. 'गव्हर्नर म्हणाले' मात्र तसंच राहिलं होतं. समासात पेन्सिलीने लिहिलं होतं : मूळ इंग्रजीत 'रिव्होल्ट' आहे, आणि कैद्याला आदरार्थी बहुवचन मराठीत विचित्र वाटतं.

विचित्र वाटतं, हे खरंच आहे. ते का वाटतं, यावर मला भांडायचं आहे.

हे कागद न्यू मेक्सिकोचे. आज ते अमेरिकेतलं एक राज्य आहे. राज्याचा दर्जा मिळाला 1912 मध्ये. 1846 मध्ये अमेरिकी सैन्य आलं, त्याआधी पंचवीस वर्षं तो मुलूख मेक्सिकोकडे होता, आणि त्याही आधी, 1598 पासून 1821 पर्यंत, स्पेनच्या राजाकडे. मधली बारा वर्षं, 1680 ते 1692, तो कुणाच्याच ताब्यात नव्हता. म्हणजे ज्यांचा होता त्यांच्याकडे होता. रिओ ग्रांदेच्या खोऱ्यात मातीची मजलेदार घरं बांधून राहणारे, मका आणि घेवडा पिकवणारे हे लोक. स्पॅनिशांनी त्यांना सरसकट 'पुएब्लो' म्हटलं. पुएब्लो म्हणजे गाव. त्या एका नावाखाली तेवा, तिवा, तोवा, केरेस, झुनी, होपी अशा एकमेकांना न कळणाऱ्या भाषा आल्या. अमेरिकेचा इतिहास 'मेफ्लॉवर' जहाजापासून सुरू करायची आपल्याकडची सवय जुनी आहे. ते जहाज 1620 मध्ये किनाऱ्याला लागलं, तेव्हा सांता फे वसून दहाएक वर्षं झाली होती.

1680 च्या ऑगस्टमध्ये या गावांनी मिळून स्पॅनिशांना हाकलून दिलं. त्या काळचे गव्हर्नर आंतोनियो दे ओतेर्मीन यांच्या कारकुनांनी त्याबद्दल पुष्कळ कागद लिहून ठेवले. चार्ल्स हॅकेट यांच्या संपादनाखाली शार्मियन शेल्बी यांनी केलेला त्यांचा इंग्रजी अनुवाद 1942 मध्ये दोन खंडांत निघाला. त्यातल्या काही जबान्या मी मराठीत आणते आहे. स्पॅनिश मला कोश हाताशी ठेवून वाचण्यापुरती येते, तेव्हा हा अनुवादाचा अनुवाद आहे, हे आधीच कबूल करते. त्या इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकातच 'रिव्होल्ट' आणि 'रिकाँक्वेस्ट' असे दोन्ही शब्द आहेत. बंड आणि पुनर्विजय.

आधी 'बंड' घेऊ. 1857 ला गोडसे भटजींनी बंडच म्हटलं, सावरकरांनी स्वातंत्र्यसमर म्हटलं, शाळेच्या पुस्तकांनी उठाव म्हटलं. या तीन शब्दांतलं अंतर मराठी वाचकाला शिकवावं लागत नाही. संपादक फोनवर म्हणाले, 'बंड' आता मानाचा शब्द झालाय, आपण 'बंडखोर कवी' म्हणतो ते कौतुकानेच. मुद्दा बिनतोड वाटतो. पण बंड करायला आधी कुणाची तरी सत्ता मानलेली असावी लागते. मुलगा बापाविरुद्ध बंड करतो, आमदार पक्षाविरुद्ध. घरात घुसलेल्या परक्याला बाहेर काढलं तर त्याला कुणी बंड म्हणत नाही. मग पुएब्लोंनी स्पेनची सत्ता मानली कधी?

कागद सांगतात, 1598 मध्ये. ती मान्यता कशी मिळवली हे अनुवादकाने तरी नीट पाहायला हवं, कारण ते काम आमच्याच धंद्यातल्या माणसांकडून करून घेतलं गेलं. 7 जुलै 1598 रोजी सांतो दोमिंगो गावच्या किवात, म्हणजे तिथल्या लोकांच्या विधींच्या खोलीत, हुआन दे ओन्याते याने आसपासच्या गावांचे मुखिया बोलावले. राजा फिलिप सर्वांत समर्थ आहे, त्याचं प्रजाजन होणं तुमच्या हिताचं आहे, बाप्तिस्मा घेतलात तर स्वर्ग, नाहीतर कायमचा नरक, असं त्याने सांगितलं. ते स्पॅनिशमधून नावात्लमध्ये आणि नावात्लमधून केरेसमध्ये गेलं. दुभाषे होते तोमास आणि क्रिस्तोबाल, आधीच्या एका मोहिमेतून मागे राहिलेले दोन मेक्सिकन इंडियन. मला केरेस येत नाही. पण जिथे प्रत्येक गाव आपला कारभार आपण पाहत होतं, जिथे राजा नावाची वस्तूच नव्हती, तिथे 'राजाची प्रजा' याचं भाषांतर त्या दोघांनी कशाने केलं असेल? कारकुनाने लिहिलं की सगळ्यांना समजलं आणि सगळ्यांनी स्वखुशीने मानलं. मुखियांनी गुडघे टेकून ओन्यातेच्या आणि पाद्र्याच्या हाताचं चुंबन घेतलं. झाला करार. ऑक्टोबरमध्ये उंच खडकावरच्या आकोमा गावाकडूनही असाच कागद करून घेतला.

त्या कागदाची किंमत पुढच्या चार महिन्यांत कळली. डिसेंबरात आकोमाला धान्य मागायला गेलेल्या तुकडीशी झटापट झाली. हुआन दे सालदीवार आणि त्याचे डझनभर माणसं मारली गेली. जानेवारी 1599 मध्ये त्याच्या भावाने आकोमावर हल्ला केला. गावातले शेकडो मेले. जे हाती लागले त्यांच्यावर रीतसर खटला चालला, त्यांना वकीलही दिला गेला. परक्या मुलखातल्या शत्रूवर खटला चालवता येत नाही, प्रजेवर येतो. पंचविशीपुढच्या पुरुषांचं एकेक पाऊल तोडायचं आणि वर वीस वर्षांची गुलामी. बारा ते पंचवीस वर्षांच्या मुलांना आणि बारा वर्षांवरच्या बायकांना वीस वर्षांची गुलामी. प्रत्यक्षात पाऊल तोडलं की नुसती बोटं, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. खुद्द स्पॅनिश न्यायालयाने 1614 मध्ये ओन्यातेला क्रूरपणाबद्दल दोषी ठरवून न्यू मेक्सिकोतून कायमचं हद्दपार केलं, एवढं सांगितलं की पुरे.

(विद्यार्थी असताना आम्ही महाकाव्यांच्या यादीत विल्याग्राचं नाव शिकलो होतो : न्यू मेक्सिकोवरचं काव्य, 1610, आल्काला. कवी ओन्यातेच्या फौजेतला कप्तान होता आणि त्याच्या काव्याचा शेवट आकोमाच्या पाडावात होतो, हे मला फार उशिरा कळलं.)

तेव्हा 'बंड' हा शब्द त्या 1598 च्या कागदावर उभा आहे. तो कागद खरा मानणाऱ्याने बंड म्हणावं. मी तो मानत नाही, कारण दोन दुभाष्यांमधून गाळून आलेल्या होकाराची किंमत मला माझ्या कामातून माहीत आहे.

पुढची ऐंशी वर्षं भरभर सांगते. वेठ, मक्याची आणि कापडाची वसुली, दुष्काळ, साथी. 1661 मध्ये फ्रान्सिस्कनांनी कचिना नाचांचे सुमारे 1,600 मुखवटे जाळले. 1675 मध्ये 47 जणांना जादूटोण्याच्या आरोपाखाली पकडून फटके मारले, काहींना फाशी दिली. फटके खाऊन सुटलेल्यांत आजच्या ओकाय ओविंगे गावचे पोपे होते. 1680 मध्ये त्यांनी गावोगाव गाठी मारलेल्या दोऱ्या पाठवल्या. रोज एक गाठ सोडायची. शेवटची सुटेल त्या दिवशी सगळ्यांनी उठायचं. एवढ्या भाषांमधून गेलेल्या त्या निरोपाला दुभाषा लागला नाही. कातुआ आणि ओमतुआ हे दोन निरोपे पकडले गेले म्हणून दिवस अलीकडे ओढून 10 ऑगस्टला सुरुवात झाली. सुमारे 400 स्पॅनिश मारले गेले, त्यांत बायका होत्या, मुलं होती, 21 धर्मगुरू होते. 'उठाव' म्हटल्याने यातलं काही धुऊन निघत नाही, आणि मी माझ्या अनुवादात एकही प्रेत लपवलेलं नाही.

आता ते 'म्हणाला'. डिसेंबर 1681 मध्ये ओतेर्मीन मुलूख परत घ्यायला आले आणि इस्लेता गावी पकडलेल्या लोकांच्या जबान्या घेतल्या. त्यांत पेद्रो नारान्हो होते, वय ऐंशी, सान फेलिपे गावचे, केरेस बोलणारे. त्यांना तेवा येत होती आणि स्पॅनिश उत्तम येत होती. नद्यांमध्ये उतरून, अंगाला साबणासारखी फेसाळणारी मुळी चोळून बाप्तिस्मा धुऊन काढायचा, बाप्तिस्म्याची नावं टाकायची, स्पॅनिश भाषा कुणी शिकवायची नाही, असा पोपेंचा हुकूम होता, हे त्यांनी सांगितलं. सांगितलं तेही बहुधा स्पॅनिशमध्येच, कैदेत.

मूळ स्पॅनिशमध्ये गव्हर्नर जे क्रियापद वापरतो तेच नारान्हो वापरतात. इंग्रजीतही 'ही सेड' दोघांना एकच. गव्हर्नरचा मान त्याच्या पदवीत आहे, आणि ती पदवी मी प्रत्येक ठिकाणी पूर्ण लिहिली आहे. क्रियापदात तो मान नाही. क्रियापदातला उच्चनीच भाव आपण मराठीत घालतो आणि वर त्याला मूळाशी निष्ठा म्हणतो. हिंदीत 'उसने' की 'उन्होंने', बंगालीत 'बोल्लो' की 'बोल्लेन', तमिळमध्ये 'सोन्नान' की 'सोन्नार' : या नियतकालिकातल्या बहुतेक अनुवादकांपुढे हा प्रश्न रोज येतो आणि बहुतेक वेळा हात आपोआप चालतो. हात कुणाच्या बाजूने चालतो, ते कधीतरी मोजून बघावं. मी संपादकांना म्हटलं, दोघांनाही 'म्हणाला' करा, माझी हरकत नाही. त्यावर ते पटकन म्हणाले, 'अहो, गव्हर्नरला कसं?'

'पुनर्विजय' तर सरळसरळ स्पॅनिश घराण्यातला शब्द आहे. 1492 मध्ये ग्रानादा घेतल्याचा अभिमान त्यात भरलेला आहे. आधी आपलं होतं, मध्ये इतरांनी घेतलं, पुन्हा मिळवलं, अशी गोष्ट तो एका शब्दात सांगतो. 1692 मध्ये दिएगो दे वार्गास सांता फेला आला तेव्हा रक्त सांडलं नाही, म्हणून त्याला 'रक्तहीन पुनर्विजय' म्हणतात. दुसऱ्या वर्षी डिसेंबरात तो वसाहतकऱ्यांना घेऊन परत आला. तेव्हा लढाई झाली, 70 जणांना ठार करण्यात आलं, सुमारे 400 जणांना दहा वर्षांच्या गुलामीत वाटून टाकलं. 1696 मध्ये पुन्हा उठाव झाला. शब्द मात्र 1692 वरच थांबला. सांता फेच्या उत्सवात वार्गासच्या प्रवेशाचं नाट्य होत असे, ते पुएब्लोंच्या विरोधानंतर 2018 मध्ये बंद झालं.

हे सगळं दूरचं वाटत असेल त्यांनी एक लक्षात घ्यावं : 1580 पासून 1640 पर्यंत स्पेन आणि पोर्तुगाल यांचा राजा एकच होता. आकोमाने ज्याच्या नावाने निष्ठा वाहिल्याचं लिहिलं गेलं, त्याच राजवटीत 1583 मध्ये गोव्यात कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइट मारले, आणि नंतर बोलणीसाठी बोलावून त्यांच्या प्रमुखांना पोर्तुगिजांनी मारलं. चर्चच्या कागदांत हुतात्मे ते जेझुइट. आज गोव्यात 'कुंकळ्ळीचा उठाव' म्हणतात आणि त्या प्रमुखांचं स्मारक आहे. तो बदल करायला आपल्याला कुणाची परवानगी लागली नाही. मग न्यू मेक्सिकोला का लागावी?

आजच्या कल्पना जुन्या कागदावर लादू नयेत, हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. म्हणून मुद्रितं परत पाठवताना मी अशी वाटणी केली : ओतेर्मीनच्या तोंडी 'बंड' ठेवलं, कारण त्याला ते बंडच वाटत होतं. प्रस्तावनेत, प्रकरणांच्या नावांत आणि टिपांत 'उठाव'. वार्गासच्या पत्रात 'पुनर्विजय', माझ्या वाक्यात 'दुसरी स्वारी'. हा शब्द आपण आपल्या लोकांसाठीही वापरतो, तेव्हा त्यात पक्षपात नाही. आणि म्हणाले-म्हणाला यांपैकी संपादक निवडतील ते, पण दोघांनाही तेच. संपादकांचा फोन अजून आलेला नाही.