माहेरपण, वय वर्षे त्र्याहत्तर

दिवाळी झाली की नोव्हेंबरात मी आठ दिवस लोणावळ्याला चालले आहे. कैवल्यधामला. आसनं, प्राणायाम आणि मुख्य म्हणजे विश्रांती. ही बातमी नातेवाईकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर माझ्याआधीच कुणीतरी टाकली आणि तेव्हापासून सुरू झालेले फोन अजून थांबले नाहीत. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच इथे लिहून टाकते. ब्लॉगवरच्या मित्रमैत्रिणींनो, तुम्हीही वाचा. तुमच्यातले निम्मे माझ्याच वयाच्या आगेमागे आहात.

सगळ्यांचा प्रश्न साधारण एकच आहे. "मग त्यांच्याजवळ कोण?"

ह्यांना पार्किन्सन्स आहे. यंदा सहावं वर्ष. प्रश्न काळजीपोटी आहे हे मला कळतं. पण आपल्याच नात्यातले एक गृहस्थ (आता हयात नाहीत) दर आषाढात वारीला जात. जाऊन येऊन तीनेक आठवडे सहज व्हायचे. घरात अंथरुणाला खिळलेली आई होती. त्यांना हा प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. उलट ते परत आले की आपण रांगेने त्यांच्या पाया पडायचो! वारीबद्दल माझी काही तक्रार नाही. पण बाईने पुण्य मिळवायलाही नाही, नुसतं झोपायला आठ दिवस जायचं म्हटलं की ते खूळ ठरतं, याचा विचार कुणीतरी करायला हवा.

खरं तर विश्रांती ही बाईला लागतेच, हे आपल्या जुन्या माणसांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी तिची रीतसर सोय केली होती. तिचं नाव माहेरपण. नवी सून आषाढात माहेरी, पंचमीला माहेरी, दिवाळीला माहेरी, बाळंतपणाला तर माहेरीच. न्यायला मुराळी यायचा. हा शब्द आता किती जणांना माहीत असेल कोण जाणे. मुलीने स्वतःहून निघायचं नाही, तिला न्यायला घरचा माणूस यायचा, म्हणजे सासरच्यांना नाही म्हणणं अवघड. किती व्यवहारी युक्ती! जात्यावरच्या ओव्यांमध्ये माहेराबद्दल जी ओढ आहे, ती मला तरी प्रेमाइतकीच झोपेची ओढ वाटते. उशिरा उठायचं, कुणीतरी वाढलेलं जेवायचं, "ताट उचलू नकोस, बस" असं ऐकायचं.

आता या सोयीतली अडचण अशी, की माहेर टिकतं आई असेपर्यंत, फार तर भाऊ-वहिनींचे हातपाय चालतात तोपर्यंत. आणि काळजी घेण्याची कामं वाढतात नेमकी त्यानंतर. सत्तरीच्या बाईला मुराळी कोण येणार? तेव्हा पेन्शनमधून पैसे भरून मी माहेर विकत घेते आहे, असंच समजा.

"घरीच कर की योगनिद्रा, मोबाइलवर सगळं मिळतं," असं भाच्याने सुचवलं. मिळतं खरं. मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी घालून दिलेली पद्धत आहे, शवासनात पडून एकेका अवयवावरून मन फिरवत न्यायचं. उजव्या हाताच्या अंगठ्यापासून सुरुवात. मी वर्षभर केली. उजवा हात, उजवा पाय बरा जातो. डाव्या गुडघ्याशी पोचेपर्यंत आतल्या खोलीत वॉकर सरकल्याचा आवाज येतो किंवा आवाज येत नाही म्हणून उठून बघावं लागतं. ज्याने माणूस सांभाळलाय त्याला हे सांगायला नको. घरात अंग झोपतं, कान झोपत नाहीत.

"कोलशेतला काय कमी निसर्ग आहे?" हा दुसरा सल्ला. आहे, अजून थोडा आहे. खाडी आहे, तिवरं आहेत, पलीकडे येऊरचा डोंगर दिसतो. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा खाली कोळी-आगरी गाव आणि रस्त्याकडेला कारखाने होते. कारखान्यांच्या जागी आता मनोरे उभे आहेत आणि आमच्या खिडकीतून खाडीची एक चिंधी तेवढी उरली आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाची जागा कशी असावी याचं फार सुंदर वर्णन आहे. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर घोडबंदर रोड काही येत नाही!

जागा ठरवताना बराच विचार केला. इगतपुरीला धम्मगिरीवर जा, असं एका मैत्रिणीने फार आग्रहाने सांगितलं. गोयंकागुरुजींचं ते केंद्र १९७६ पासून चालू आहे, फी घेत नाहीत, दानावर चालतं. पण विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर म्हणजे विश्रांती नव्हे, हे जाणाऱ्याने नीट समजून जावं. पहाटे चारला उठायचं, दिवसाला दहा तासांच्या आसपास ध्यानाला बसायचं, आर्य मौन पाळायचं, वाचन-लेखन-फोन बंद. ती मोठी साधना आहे. थकलेल्या माणसाने तिला सुट्टी समजू नये. उरुळीकांचनचा निसर्गोपचार आश्रमही मनात होता. १९४६ साली गांधीजींनी सुरू केलेला आणि मणिभाई देसाईंनी उभा केलेला. पण मला उपचार नको आहेत, आजारी मी नाही.

कैवल्यधामकडे ओढा असण्याचं एक कारण अगदी मास्तरणीचं आहे. १९२४ साली ते स्थापणारे स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, आधी अमळनेरला शिक्षक होते. योगाने शरीरात नेमकं काय होतं ते नुसतं सांगून चालणार नाही, मोजून बघावं लागेल, असं मानणारा तो माणूस. क्ष-किरणांनी, यंत्रांनी तपासून त्यांनी निष्कर्ष मांडले आणि ते छापायला त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक काढलं. चमत्कार सांगणाऱ्या योगगुरूंच्या गर्दीत हे मला पटतं.

आता तयारी. बहुतेकांना वाटतं तयारी म्हणजे चटई आणि सुती कपडे. त्याला एक दुपार पुरते. चहाला मात्र पंधरा दिवस लागतील. मी दिवसाला पाच कप पिणारी; एकदम बंद केला तर पहिले दोन दिवस डोकं धरून बसावं लागेल, म्हणून आतापासून दर तीन दिवसांनी एक कप कमी. रात्रीचं जेवण साडेसातला आणलंय. ठाण्यात घंटाळी मित्र मंडळात शिकलेली आसनं पुन्हा रोज पाऊण तास. तरुणपणी जमलं म्हणून या वयात सर्वांगासनाचा हट्ट नको. रक्तदाब असेल, काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं टाळायची. हाडं ठिसूळ असतील तर पुढे जोराने वाकायचं नाही. आपले आजार आणि गोळ्या तिथल्या डॉक्टरांना आधी लिहून द्यायच्या आणि योग करतोय म्हणून गोळ्या आपल्या मनाने मुळीच बंद करायच्या नाहीत. हे दोनदा सांगते, कारण आपल्याकडे तो उद्योग करणारे पुष्कळ आहेत. आणि खाली बसता येत नसेल तर खुर्ची मागा. त्यात लाज कसली?

पण खरी तयारी आहे ती वहीची. दोनशे पानी वही घेतली आहे. ह्यांच्या गोळ्या सहा, दहा, दोन, सहा अशा. या आजारात वेळ म्हणजे वेळ. उशीर झाला की अंग लाकडासारखं होतं. गोळी जेवणाआधी अर्धा तास, कारण डाळ-दुधातली प्रथिनं त्या औषधाच्या आड येतात. चालताना पाय जमिनीला चिकटले तर ओढायचं नाही, "डावा, उजवा" असा ठेका द्यायचा. पाणी घोट घोट. हे सगळं सहा वर्षं माझ्या डोक्यात होतं, कागदावर कुठेच नव्हतं. उद्या मलाच काही झालं तर? लोणावळा राहू दे, या वहीसाठी तरी हा खटाटोप करायला हवा होता. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. शब्द गोड आहेत. पण शुभंकर एकच असेल तर ते घर एका खांबावर उभं आहे.

धाकटा बंगळूरहून येतोय, इथूनच काम करणार आहे. दिवसा नेहमीच्या मावशी, रात्रीला ब्यूरोतर्फे माणूस. गेल्या शनिवारी रंगीत तालीम म्हणून मी डोंबिवलीला बहिणीकडे एक रात्र राहून आले. दहाची गोळी सव्वादहाला दिली गेली, भाजीत मीठ जास्त झालं, बाकी काही नाही.

आणि "त्यांना काय वाटत असेल" असं विचारणाऱ्यांसाठी. ह्यांचा आवाज आता अगदी बारीक झालाय, अक्षर तर मुंगीएवढं. परवा वही उघडली तर शेवटच्या पानावर मुंगीच्या रांगेसारखी एक ओळ दिसली. चष्मा लावून, पान खिडकीशी धरून वाचली. "मलाही आठ दिवस सुट्टी." मला आधी राग आला, मग हसू. दिवसाला चौदा वेळा "पाणी प्यायलात का" असं ऐकणाऱ्या माणसालाही विश्रांती लागत असणार.

तेव्हा नातेवाईक मंडळी, "काही मदत लागली तर सांग" असं फोनवर म्हणालात ना, तर सांगते. दुपारी साडेतीन ते साडेपाच धाकट्याच्या मीटिंगा असतात. त्या वेळात कुणी येऊन बसलं तर बरं. पेपर वाचून दाखवा, रमी खेळा. पत्ते हातातून पडले तर उचलायची घाई करू नका, ते स्वतः उचलतात. पेढे आणू नका. सोमवारी मेव्हणे येतायत, मंगळवारी शेजारचे काका. बुधवार आणि शुक्रवारची दुपार अजून रिकामी आहे.