उपकेंद्रातील आरोग्यसेविका आणि कलम १०६

संपादक महोदय,


भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ रोजी अमलात आली. तिच्या १०६ व्या कलमाला जोडलेल्या एका लहानशा खुलाशाने चंद्रपूर व गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात एकट्याने उपकेंद्र सांभाळणाऱ्या आरोग्यसेविकेवर जो अन्याय झाला आहे, त्याकडे आपल्या वाचकांचे आणि विशेषतः या दोन जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींचे लक्ष वेधावे, या हेतूने हे पत्र लिहीत आहे.

जुन्या दंडविधानाच्या ३०४-अ कलमान्वये हयगयीने कोणाचा मृत्यू घडविणारास, मग तो डॉक्टर असो, परिचारिका असो वा मोटारचालक असो, जास्तीत जास्त दोन वर्षांच्या कैदेची शिक्षा होती. नव्या संहितेने ती मर्यादा पाच वर्षांवर नेली. परंतु उपचार करीत असताना नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या हातून असे घडल्यास दोन वर्षांचीच मर्यादा कायम राखली, आणि हा व्यावसायिक म्हणजे राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग अधिनियम, २०१९ खाली मान्य अर्हता असलेला व त्या अधिनियमाखालील नोंदवहीत नाव असलेलाच इसम होय, असे स्पष्ट केले. याचा अर्थ असा की, एकाच खाटेपाशी उभ्या असलेल्या दोघांपैकी औषधाचा आदेश देणारास दोन वर्षांचे आणि तो आदेश पाळणारीस पाच वर्षांचे भय आहे. (खुलाशाचे शब्द काटेकोरपणे वाचले तर आपल्याकडील कित्येक प्राथमिक आरोग्य केंद्रांचा भार वाहणारे आयुर्वेद पदवीधरही या सवलतीबाहेरच राहतात, हेही जाता जाता नमूद करते.) डॉक्टरांना सवलत मिळाली याबद्दल माझी यत्किंचितही तक्रार नाही. ज्या कारणास्तव ती त्यांना दिली गेली, ते कारण आरोग्यसेविकेच्या बाबतीत अधिकच बळकट असताना तिला मात्र वगळले, ही माझी तक्रार आहे.

शहरातील रुग्णालयात डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतो. एटापल्ली, कोरची, सिरोंचा या तालुक्यांत किंवा जिवतीच्या पहाडावर तो तसा नसतो, आणि पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडची वाट किती वेळा बंद पडली आहे हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. अशा ठिकाणी शासनाच्याच मार्गदर्शक सूचनांनी डॉक्टरचे काम तिच्यावर सोपविले आहे. गरोदर किंवा बाळंत बाईला झटके येऊ लागले तर पुढे पाठविण्यापूर्वी मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा तिनेच द्यावयाची: एकूण दहा ग्रॅम, निम्मे एका कुल्ल्यात व निम्मे दुसऱ्यात, स्नायूत खोलवर, आणि हे सर्व मदतनिसाने बाईला कुशीवर धरून ठेवले असताना, नातेवाईक दाराशी भेदरून उभे असताना, वीज गेली असल्यास मोबाइलच्या उजेडात. आजारी तान्ह्या बालकाला रुग्णालयात नेणे अशक्य असेल, किंवा घरची माणसे नेण्यास कबूल होत नसतील, तर जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्याची मुभा केंद्र सरकारने २०१४ मध्ये तिला दिली. दोन किलो वजनाच्या बालकासाठी हे औषध पाव मिलिलिटरच्या आसपास भरते. सिरिंजवरची एक रेघ इकडची तिकडे झाली तर काय होईल, हे ती जाणते, आणि तरीही सुई हातात घेते.

हे काम अविचाराने तिच्या गळ्यात घातलेले नाही. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने याच गडचिरोलीतील ३९ गावांत अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी शुश्रूषा, आणि प्रसंगी हेच इंजेक्शनही, शिकविले. आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. ज्या जिल्ह्याने शिकविलेल्या स्त्रीच्या हातावर विश्वास ठेवण्याचे फळ जगाला दाखवून दिले, त्याच जिल्ह्यात, रीतसर प्रशिक्षण व नोंदणी असलेल्या आरोग्यसेविकेला कायद्याने परक्यासारखे उभे करावे, हे मला असह्य वाटते.

हे भय काल्पनिक नाही. शेजारच्या भंडारा जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात शिशु कक्षास लागलेल्या आगीत दहा बालके दगावली. त्यानंतर परिचारिकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदविण्यात आला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत अकरा रुग्ण गेले. तेव्हा एका वैद्यकीय अधिकाऱ्याबरोबर तीन परिचारिकांना अटक झाली. या प्रकरणांच्या गुणदोषांत मी शिरत नाही, तो न्यायालयाचा अधिकार आहे. मात्र इमारत, विजेची जोडणी, अग्निशमनाची साधने यांचा हिशेब लागण्यापूर्वी तपासाचा हात खाटेजवळ असलेल्या स्त्रीपर्यंत किती सहज पोचतो, हे त्यांवरून दिसते.

सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू प्रकरणात, ५ ऑगस्ट २००५ रोजी, असे बजावले आहे की डॉक्टरवर हयगयीचा फौजदारी इलाज करण्यापूर्वी तपासी अंमलदाराने निःपक्षपाती, जाणत्या डॉक्टरचे मत घ्यावे, आणि केवळ आरोप झाला म्हणून सरसकट अटक करू नये. त्या निर्णयाची भाषा डॉक्टरांची आहे. याउलट आपल्या राज्याने २०१० साली वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरील हिंसाचाराविरुद्ध जो कायदा केला, त्यात परिचारिकांचा स्पष्ट अंतर्भाव आहे. जमावाच्या मारापासून वाचविताना तिला वैद्यकीय सेवेत गणावयाचे आणि फौजदारी खटल्याच्या वेळी त्या सेवेबाहेर काढावयाचे, यात तर्कसंगती कोठे आहे?

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो हलक्याने उडवून देण्याजोगा नाही. जिला मराठी धड समजत नाही, जिच्या नवऱ्याला तालुक्याचे पोलीस ठाणेही परके वाटते, अशा माडिया आदिवासी बाईचा हयगयीने जीव गेला तर तिची दाद कोण घेणार? आरोग्यसेविकेला अभय देणे म्हणजे या बाईला निराधार करणे नव्हे काय? मी अनेक वर्षे आरोग्यसेविकांना शिकविले आहे, आणि कामचुकार, उर्मट, पैसे मागणाऱ्या परिचारिकाही पाहिल्या आहेत. त्यांच्यासाठी मी शब्दही खर्चणार नाही. परंतु पाच वर्षांच्या कैदेचे भय कामचुकार बाईला सुधारीत नाही. ते कर्तव्यदक्ष बाईचा हात मात्र आखडते. तिला उमगते की इंजेक्शन दिले आणि रोगी गेला तर दोष आपला. न देता केसपेपरवर ‘रेफर’ असा शेरा मारला आणि रोगी वाटेत गेला तर दोष रस्त्याचा. मग ट्रेमधील सुई ट्रेमध्येच राहते, आणि ज्या माडिया बाईच्या नावाने हा आक्षेप घेतला जातो, तीच अहेरीच्या वाटेवर प्राण सोडते. तिचे खरे संरक्षण तिच्या भाषेत समजावून घेतलेल्या संमतीत आहे, गोंडी वा माडिया जाणणारी आशा स्वयंसेविका त्या वेळी हजर असण्यात आहे, आणि प्रत्येक मातामृत्यूच्या चौकशीचा निष्कर्ष तिच्या घरच्यांना तोंडी समजावून सांगण्यात आहे.

फोनवरील आदेशाचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. डॉक्टर फोनवर औषध सांगतात, आरोग्यसेविका ते देते, आणि पुढे चौकशी लागली की त्या संभाषणाचा पुरावा कोणापाशीच नसतो. वेळ, औषध, मात्रा व आदेश देणाऱ्याचे नाव लिहिण्यासाठी उपकेंद्राच्या नोंदवहीत स्वतंत्र रकाना असावा, आणि डॉक्टरांनी पुढील भेटीत त्यापुढे सही करणे बंधनकारक असावे. ज्या औषधांची मुभा शासनाने दिली आहे त्यांचे स्थायी आदेश जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या सहीनिशी, मराठीत, प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर लागावेत.

कायद्याच्या दुरुस्तीसाठी दिल्लीकडेच डोळे लावून बसण्याचे कारण नाही. फौजदारी कायदा समवर्ती सूचीतील विषय असल्याने, राष्ट्रपतींच्या संमतीने, महाराष्ट्र आपल्यापुरता १०६ व्या कलमाचा खुलासा विस्तारून नोंदणीकृत परिचारिका व आरोग्यसेविका यांचा त्यात समावेश करू शकतो. त्यास वेळ लागेल. तोवर गृह विभागाने एक परिपत्रक काढून, परिचारिकेवरील अशा प्रकरणात एका अनुभवी परिचारिकेचा समावेश असलेल्या समितीचे मत आल्याशिवाय अटक होऊ नये, असा हुकूम सर्व ठाण्यांना द्यावा. यास ना निधीची तरतूद लागते, ना नव्या पदांची मंजुरी. येत्या अधिवेशनात या दोन जिल्ह्यांतील कोणी आमदार हा प्रश्न मांडणार असतील, तर संबंधित कलमे, शासकीय मार्गदर्शक सूचना व टिपणे आपल्या कचेरीमार्फत त्यांच्याकडे पोचविण्याची तजवीज मी करीन.

कळावे.

आपली,
एक सेवानिवृत्त परिचर्या-शिक्षिका
मूल, जि. चंद्रपूर